खिसे तपासले

८ मार्च

ताई,

वर 'स. न. वि. वि.' लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं. सख्ख्या बहिणीला ते लिहिणं हास्यास्पद वाटलं, पण त्यातली 'विनंती' मात्र खरी आहे. सोबत एक अर्ज आहे. तिसऱ्या पानावर 'स्थानिक पालक' असं छापलंय आणि खाली एक मोकळी रेघ आहे. त्या रेघेवर तुझी सही हवी.

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती कामापुरती. अडला हरी वगैरे. पुढची म्हण पूर्ण करत नाही, कारण त्यातलं गाढव तू होशील आणि मग सही मिळायची नाही. फोन तू आईचा उचलतेस, तोही बाबा दुकानात असताना. माझा उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर, मला कॉलेजात प्रवेश मिळालाय. तू राहतेस त्याच शहरात. कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचा उन्हाळी निवासी वर्ग आहे, आमच्यासारख्या लहान शाळांतून येणाऱ्यांसाठी. गणित, लिखाण, प्रयोगशाळा. राहायचं तिथेच. हा वर्ग केला तरच पुढे वसतिगृहात जागा, आणि वसतिगृह नाही तर माझं कॉलेज नाही. तोच वर्ग, ताई. पाच वर्षांपूर्वी तुझी निवड झाली होती आणि तुला जाता आलं नाही, तोच.

बाहेरगावच्या मुलांना त्या शहरात राहणारा एक नातेवाईक पालक म्हणून दाखवावा लागतो. त्या शहरात मला तूच आहेस. अर्ज २० एप्रिलच्या आत त्यांच्या कार्यालयात पोचला पाहिजे. पाकीट घातलंय, पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. तुला फक्त सही करायची आणि पेटीत टाकायचं.

हे शेवटचं वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसले होते.

तुझं,
शेपूट
(नाव तूच ठेवलंस. तू पाणी प्यायला उठलीस तरी मी मागे.)


२० मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, कामात असशील. आई सांगते, दिवसा औषधांच्या दुकानात आणि संध्याकाळी कॉलेज असं करून तू पदवी घेतलीस. ती हे शेजारणीला सांगत होती, मी जिन्यात ऐकलं.

इकडे जोरात तयारी चाललीय. त्यांनी यादी पाठवलीय: दोन चादरी, उशीचे अभ्रे, दोन किल्ल्यांचं कुलूप, रबरी चपला, विजेरी. सगळ्यात खाली लिहिलंय की प्रत्येक कपड्यावर नोंदणी क्रमांक टाकलेला असावा. हे आपल्या बाबांना सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तीस वर्षं लॉन्ड्रीत गावाच्या कपड्यांवर खुणा करणारा माणूस! माझा क्रमांक ३१७. बाबांनी न पुसणारी शाई काढली आणि दुपारभर बसले. सदरे झाले, चादरी झाल्या, मोजे झाले, मग टॉवेल, रुमाल, केसांचा पट्टा. छत्री पुढे ओढली तेव्हा आई म्हणाली, "आता पोरीच्या कपाळावर तेवढा टाका." त्यांनी खरंच माझ्याकडे बघितलं. मी पळाले.

वर्गाला जाण्याआधी दोनशे गणितांची वही सोडवून न्यायची आहे. मी तुझं जुनं पुस्तक काढलंय. समासात तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'ही पायरी गाळू नकोस, गाढवा.' स्वतःलाच लिहिलंस ना? मी ते मला लिहिलंय असं धरून चालते आणि पायरी गाळत नाही. एकशे चाळीस झाली.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. आई ती फोनवर सांगायची नाही. तू गेलीस त्या महिन्यात बाबांनी आपल्या सगळ्या शर्टांचे, कोटाचे खिसे शिवून टाकले. अगदी बारीक टाक्यांनी. चष्मा हातात, किल्ल्या गळ्यात दोरीला, पेन कुठेतरी. गिऱ्हाइकं हसतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "खिसा असला की माणूस विसरतो." आणि कुणाचं पत्र हातात घेत नाहीत. टपालपेटी दुकानाच्या समोर, आठ पावलांवर. पण तिथे आईच जाते.

खोलीत तुझी खाट अजून आहे. मी तिच्यावर वह्या ठेवते. झोपताना उचलून खाली ठेवते, का ते विचारू नकोस.

शेपूट


२ एप्रिल

ताई,

अठरा दिवस राहिलेत. हे पत्र मी सहीसाठी लिहीत नाहीये, असं म्हणणार होते. पण सहीसाठीच बसले होते, आणि चार कागद फाडल्यावर हे निघालं.

तुला जे माहीत आहे ते आधी मांडते, म्हणजे मला धीर येईल. पाच वर्षांपूर्वी, गुरुवारी सकाळी, तू तुझं होकाराचं पत्र बाबांच्या हातात दिलंस, पेटीत टाकायला. महिनाभर ते तुला म्हणत होते, "कॉलेजं काय इथे नाहीत?" तरी तू विश्वासाने दिलंस. रविवारी बाबांनी आपला दुकानातला राखाडी कोट दोरीवरून काढला आणि त्याच्या खिशातून कागदाचा लगदा निघाला. सोमवार शेवटची तारीख होती. तू म्हणालीस, "मुद्दाम केलंत." बाबा काही बोलले नाहीत. तू परत म्हणालीस, ते परत बोलले नाहीत. महिन्याच्या शेवटी तू बॅग भरून गेलीस.

आता जे माहीत नाही ते.

खिसे तपासायचं काम माझं होतं. शाळेतून आले की धुवायला जायच्या ढिगापाशी बसायचं, एकेक खिसा उलटा करायचा, सापडेल ते कागदाच्या पुडीत घालून गिऱ्हाइकाच्या नंबराने ठेवायचं. बाबांचा नियम तुलाही पाठ असेल: खिशातलं वाचायचं नाही, हसायचं नाही, परत द्यायचं. मग कपड्याला चिठ्ठी टाचायची, 'खिसे तपासले'.

त्या शनिवारी बाबांचा कोट माझ्या ढिगात होता. पाकीट माझ्या हाताला लागलं. पत्ता तुझ्या अक्षरात होता. मला कळलं ते काय आहे. मी वाचलं नाही, नियम मोडला नाही. पाकीट परत खिशात ठेवलं, वरून हात फिरवून सारखं केलं, चिठ्ठी लिहिली, 'खिसे तपासले', आणि कोट मशीनमध्ये टाकला.

रविवारी तू आतल्या खोलीत रडत होतीस तेव्हा बाबांनी मला विचारलं, "माझा कोट तुझ्या ढिगात होता का गं?" मी म्हणाले, "नाही." चिठ्ठी तोवर मी चावून गिळली होती.

मी तेरा वर्षांची होते. तू गेलीस की शेजारची खाट रिकामी होईल, एवढंच डोक्यात होतं. तू सहा आठवड्यांसाठी जाणार होतीस, सुट्टीला येणार होतीस. मी केलं आणि तू पाच वर्षं आलीच नाहीस. करायला गेले एक, झालं भलतंच. आता तीच जागा मला मिळतेय, आणि सही मी तुझ्याकडेच मागतेय. माझ्याइतकं निर्लज्ज कुणी तुझ्या बघण्यात असेल तर कळव.

तुझी फार आठवण येते. हे मी आधीच्या दोन पत्रांत लिहिलं नाही, कारण तो हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. आजही नाही, पण येते.

शेपूट


९ एप्रिल

ताई,

कार्ड मिळालं. 'आधी बाबांना सांग. मग सहीचं बघू.' पाच वर्षांनी सहा शब्द! वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. पण अक्षर तुझंच, 'ग'चा पाय लांब ओढलेला. मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू चढून बसशील.

आणि मला रागही आला. तुला सांगितलं ते पुरे नाही का? तू तिकडे बसून हुकूम सोडणार. इथे मी रोज त्यांच्या समोर असते. तो माणूस पाच वर्षं समजतोय की आपण विसरलो आणि पोरीचं वाटोळं केलं. त्याला जाऊन सांगू, की तुम्ही नाही, मी? ज्या मुलीच्या मोज्यांवर तुम्ही जीव लावून नंबर घातलेत, तीच?

दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, एक सांगायचंय." ते म्हणाले, "आधी माझा चष्मा शोध." चष्मा त्यांच्या हातात होता. तो सांगण्यात वेळ गेला आणि धीर संपला. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलं तोच पडदेवाल्या बाई आल्या, त्यांचा निळा पडदा आटला म्हणून भांडायला. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "तू काहीतरी म्हणत होतीस." मी म्हणाले, "भूक लागलीय."

अकरा दिवस आहेत. एकशे पंच्याऐंशी गणितं झाली. ती सोपी होती.

शेपूट


१४ एप्रिल

ताई,

सांगितलं.

काल दुपारी. बाबा आपल्याच घरचे अभ्रे इस्त्री करत होते, म्हणून गिऱ्हाइकाचं नुकसान होणार नाही असा हिशोब करून मी सुरुवात केली. तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, कोट, पाकीट, चिठ्ठी. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"तेरा."

"मी सेहेचाळीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "तुला वयाची सबब तरी आहे."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तिने पत्र कधी दिलं होतं मला?"

"गुरुवारी."

"कोट धुवायला कधी टाकला?"

"शनिवारी."

"पेटी कुठे आहे?"

मी दाराबाहेर बघितलं. पेटी समोरच होती, कायम असते तिथे.

"तीन दिवस खिशात होतं," बाबा म्हणाले. "रोज दारापर्यंत जायचो आणि फिरायचो. म्हटलं, सोमवारी टाकू. पोचायला उशीर झाला तर ते लोकच नाही म्हणतील. मी नाही म्हटलं असं व्हायचं नाही. शनिवारी कोट काढताना पाकीट आठवत होतं मला. तरी काढलं नाही. वाटलं, राहू दे."

"मग ती म्हणाली मुद्दाम केलंत…"

"खरंच म्हणाली. काय बोलणार होतो?"

"आणि खिसे शिवलेत ते?"

"विसरतो म्हणून नाही शिवले. हात घालायची लाज वाटायची."

तेवढ्यात आई आतून ओरडली, "अहो, इस्त्री!" अभ्र्यावर तांबूस डाग उठला होता. तीस वर्षांतला पहिला. आई बाहेर आली, तिने इस्त्री उभी केली आणि आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "एकाने दाबून ठेवलं, एकीने पाण्यात घातलं. दोघांनी मिळून माझी पोर घालवलीत. आणि फोनवर बोलणी खाल्ली मी." मग तिने तो अभ्रा घडी करून माझ्या सामानात टाकला. म्हणाली, "डागासकट ने."

बाबांना मी विचारलं, हे ताईला कळवू का. म्हणाले, "जसंच्या तसं लिही. माझी बाजू सावरू नकोस." म्हणून हे असं लिहिलंय. तुझं म्हणणं खरं होतं, ताई, निम्मं. उरलेलं निम्मं मी होते. पाच वर्षं तू एकाशीच भांडलीस, दोघांशी भांडायला हवं होतंस.

सहीबद्दल आता काही म्हणत नाही. वीस तारखेच्या आत अर्ज गेला तर जाईन. नाही गेला तर बाबा म्हणतात, कॉलेजं इथेही आहेत. असं म्हणून त्यांनी जीभ चावली आणि आम्ही दोघं इतके हसलो की आई पुन्हा बाहेर आली.

हसलो, पण नंतर मी तुझ्या खाटेवर जाऊन पडले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

शेपूट


२६ एप्रिल

ताई,

निवडीची यादी आली. ३१७, अर्ज पूर्ण, जागा निश्चित. म्हणजे तू सही केलीस. आईने पत्र तीनदा वाचलं आणि बाबांनी ते हातात धरूनच ठेवलं, ठेवायला जागा नाही ना!

तुझ्याकडून मात्र काही नाही. मी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघते, तो बिचारा आता दुकान टाळून पलीकडच्या बाजूने जातो.

५ मेला वर्ग सुरू. सकाळी दहा ते बारा नोंदणी. बाबा सोडायला येतायत. दुकान दोन दिवस बंद ठेवणार, दारावर पाटी लावलीय. पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसतील. राखाडी कोट असेल, चष्मा हातात. ओळखायला अडचण येणार नाही.

तू यावंस असं मी म्हणत नाही. खोटं. तेवढंच म्हणतेय.

शेपूट


६ मे

ताई,

हे पत्र तुला उद्याच मिळेल, आपण आता एकाच शहरात आहोत. खिडकीतून मला छपरं दिसतात, पाण्याच्या टाक्या, एका गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे. त्यातलं एखादं घर तुझं असेल म्हणून मी काल संध्याकाळी सगळी मोजायला घेतली आणि सोडून दिली.

खोलीत चार खाटा आहेत. बाकीच्या तिघी एकमेकींना चादरी दाखवत होत्या. माझ्या चादरीवरचा नंबर बघून एकीने विचारलं, "तुरुंगातून आलीस का?" मी म्हणाले, "लॉन्ड्रीतून." जमेल आमचं.

आता कालचं सांगते.

कार्यालयातल्या कारकून बाईंनी माझा अर्ज काढला आणि म्हणाल्या, "पालकाची सही ओळख." मी वाकून बघितलं. तुझीच होती. शेजारी तुझ्या हाताने तारीख घातली होती. १२ मार्च.

मी त्यांना विचारलं, तारीख चुकली तर नाही? त्यांनी त्यांचा शिक्का दाखवला, अर्ज १५ मार्चला मिळाला. म्हणजे माझं पहिलं पत्र हातात पडलं आणि तू लगेच सही करून पाठवूनही दिलीस. तिकडे मी दिवस मोजत होते तेव्हा माझी जागा पक्की होऊन बसली होती. 'मग सहीचं बघू' हे कार्ड तू लिहिलंस तेव्हा सही होऊन महिना होत आला होता.

आधी मला फार आनंद झाला. मग रांगेत उभ्या उभ्या दुसरं सुचलं. १२ मार्चला तू ज्या बहिणीसाठी सही केलीस तिने काहीच केलेलं नव्हतं. दोन एप्रिलनंतर केली असतीस का, ते त्या कागदावरून कळत नाही. तू काढून घेतली नाहीस एवढंच कळतं. मी तेवढ्यावर दिवस काढला.

बाराला मी फाटकापाशी आले तर बाकावर बाबा नव्हते. नुसती पिशवी होती. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, "एक मुलगी आली होती. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मग ती ओरडली. मग ते ओरडले. लोक बघायला लागले. मग ती त्यांचा हात धरून समोरच्या हॉटेलात घेऊन गेली. अजून तिथेच आहेत, भांडतायत."

मला फाटकाबाहेर जायची परवानगी नव्हती, नोंदणी झाली होती. मी गजांना धरून उभी राहिले. हॉटेलच्या काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. त्या काचेआड तू होतीस, ताई, रस्त्याच्या पलीकडे. हाक मारावी असं इतकं वाटलं की मी ओठ दाबून धरले. पण आधी तुझ्याशी बोलायची पाळी बाबांची होती, आणि माझ्यामुळे ती पाच वर्षं लांबली होती.

तासाभराने बाबा एकटेच आले. डोळे लाल होते, आणि तरी चेहरा असा की मी तो विसरले होते. म्हणाले, "भेटली."

मी म्हणाले, "माझ्याबद्दल?"

"उंच झाली का, विचारत होती. म्हटलं, चल, स्वतःच बघ."

"मग?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणाली, अजून नाही."

मी रागावले नाही. तुझं बरोबर आहे. बाबांवर ओरडायला तुला पाच वर्षं मिळाली, माझ्यावर जेमतेम महिना. माझ्याही वाट्याचं ओरडणं तुझ्यापाशी शिल्लक असेल. ये आणि ओरड. चारचौघांत ओरड, फाटकावरच्या बाईंना सवय आहे. किंवा काहीच बोलू नकोस, नुसती समोर बस, उंची बघ आणि जा.

इथे भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. सहा आठवडे म्हणजे सहा रविवार. मी चारला खाली येऊन बसेन आणि सहाला उठेन. सहाही रविवारी. त्यानंतर कॉलेज चार वर्षांचं आहे, तिथेही रविवार असतातच.

शेपूट